पिलग्रिम्स प्रोग्रेस पहिल्यांदाच ऐकताय? कुठून सुरू करायचं, काय ऐकायचं आणि कुठे फसायचं नाही

जॉन बनियनचं 'द पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे सतराव्या शतकातलं इंग्रजी पुस्तक, एका ख्रिस्ती यात्रेकरूची रूपककथा, एकदा तरी वाचायचं असं ठरवलेले खूप जण भेटतात, आणि त्यातले बरेच जण सुरुवातीच्या पानांतच अडकलेले असतात. कारण जुनी इंग्रजी, मध्येच बायबलची वचनं, आणि माणसांची नावं म्हणजे हट्टी, डळमळीत, विश्वासू अशी. मग कुणीतरी मुलांसाठीची चित्रांची आवृत्ती हातात देतं, ती तासाभरात संपते आणि वाटतं, एवढंच होतं का? तर एवढंच नाहीये. माझं सरळ मत आहे की हे पुस्तक मुळात कानाने घ्यायचं आहे. लिहिणारा माणूस उपदेशक होता, लोकांसमोर उभं राहून बोलणारा, आणि पुस्तकाचा अर्ध्याहून जास्त जीव लोकांच्या रस्त्यातल्या गप्पांत आहे. त्यामुळे नुसतं वाचण्यापेक्षा एखादं छोटं रीटेलिंग (थोडक्यात पुन्हा सांगितलेली कथा), मग नाटक, मग पूर्ण वाचन असं पायरीपायरीने ऐकत गेलात तर ते उलगडतं. तो क्रम आणि त्यातले खड्डे इथे लिहून ठेवतोय.

आधी काय काय जवळ ठेवायचं

- हेडफोन किंवा बरा स्पीकर, आणि ज्यात स्पीड कमीजास्त करता येतो असं कुठलंही ऑडिओ ॲप
- मूळ पुस्तकाचा पूर्ण टेक्स्ट. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, कॉपीराइट कधीच संपलाय
- मूळ पुस्तकाचं एखादं फुकट ऑडिओ रेकॉर्डिंग. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली एकाहून जास्त आहेत
- बायबल, मराठी चालेल, उलट मराठीच बरं
- एक कोरा कागद आणि पेन, नकाशासाठी

छापील प्रत हवी असेल तर पेंग्विन क्लासिक्स किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची घ्या, दोन्हींत टिपा आहेत आणि टेक्स्टशी छेडछाड नाही. पण सुरुवातीला विकत काहीच घ्यायची गरज नाही.

१. आधी थोडी पार्श्वभूमी, पण थोडीच

बनियनचा जन्म १६२८ चा, इंग्लंडमधल्या बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावात. बाप भांडी दुरुस्त करणारा आणि हाही तेच काम करायचा. शाळा बेताची. राजा आणि पार्लमेंट यांच्या युद्धात तरुण वयातच पार्लमेंटच्या सैन्यात होता. पुढे परवानगीशिवाय उपदेश करतो म्हणून १६६० साली त्याला पकडलं आणि बेडफर्डच्या तुरुंगात तो १२ वर्षं होता. उपदेश करणार नाही असं कबूल केलं असतं तर बाहेर आला असता, पण तो कबूल झाला नाही. घरी बायको एलिझाबेथ आणि पहिल्या बायकोची चार मुलं, त्यातली थोरली मेरी आंधळी. तुरुंगात बसून तो नाड्या बनवायचा आणि त्याच्यावर घर चालायला मदत व्हायची. हे एवढं माहीत असलं की पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात निवेदक एका गुहेसारख्या जागेत झोपतो आणि स्वप्न बघतो ती जागा म्हणजे तुरुंग हे लगेच कळतं.

पहिला भाग १६७८ साली लंडनमध्ये छापला, दुसरा भाग १६८४ मध्ये. हो, दोन भाग आहेत, आणि ही गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे याच्यावरच फसगत होते. बनियन १६८८ मध्ये लंडनला वारला आणि बनहिल फील्ड्समध्ये त्याची कबर आहे. पुस्तक दोनशेच्या वर भाषांत गेलंय आणि मराठीतही फार लवकर आलं, हरि केशवजींनी १८४१ मध्येच 'यात्रिकक्रमण' नावाने केलेलं.

कथा अगदी दोन ओळींत. ख्रिश्चन नावाचा माणूस विनाशाच्या शहरात राहतो, पाठीवर मोठं ओझं आहे, हातात एक पुस्तक आहे आणि ते वाचून तो घाबरलाय. तो घर सोडून स्वर्गीय नगरीकडे चालायला लागतो. वाटेत काय काय होतं ते म्हणजे पुस्तक.

बायबल पूर्ण वाचलेलं असायची गरज नाही. ऐकायला बसण्याआधी पाच ठिकाणं वाचून घ्या: स्तोत्र २३, मत्तय ७ मधलं अरुंद दाराचं, इफिसकरांस पत्र ६ मधलं शस्त्रसामग्रीचं, इब्री लोकांस पत्र ११, आणि प्रकटीकरण २१ व २२. कथेतली दरी, दार, चिलखत, परदेशी प्रवासी आणि शेवटची नगरी ही सगळी इथून आलीयेत. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी चालेल, फक्त ही पाच पानं टाळू नका, कारण बनियनच्या श्रोत्यांना ती पाठ होती आणि त्यांना एका शब्दात जे कळायचं त्यासाठी आपल्याला टीप शोधत बसावी लागते.

२. पहिली भेट छोट्या रीटेलिंगने करा

यात कमीपणा काही नाही. रूपककथेत रस्ता डोक्यात बसलेला असला की बाकीचं सोपं जातं, आणि रस्ता बसवायचं काम छोट्या आवृत्त्या फार छान करतात. माहितीतल्या काही:

'लिटल पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे हेलन टेलरचं. यात ख्रिश्चन आणि त्याचे सोबती लहान मुलं आहेत, भाषा एकदम सोपी, प्रकरणं छोटी, रात्री एकेक वाचून दाखवता येतं. २०२१ मध्ये याचीच जो सटफिनच्या चित्रांची आवृत्ती निघाली, त्यात पात्रं प्राणी झालीयेत. मुलं लहान असतील तर हीच.

'डेंजरस जर्नी' १९८५ चं, ऑलिव्हर हंकिनने मूळ पुस्तक छाटून केलेलं आणि ॲलन पॅरीची चित्रं. चित्रं खरंच भीतीदायक आहेत, ख्रिश्चनची वाट अडवणारा सैतानी अपॉलिऑन बघून अगदी छोटी मुलं दचकतील, पण मोठ्यांसाठी पहिली ओळख म्हणून मला हीच सगळ्यात आवडते कारण यात बनियनचा आवाज शाबूत राहिलाय.

मेरी गोडॉल्फिनने केलेली एक आवृत्ती आहे ज्यात सगळे शब्द एका अवयवाचे, म्हणजे 'कॅट', 'रोड', 'लोड' असे एका झटक्यात बोलता येणारे. ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांना मोठ्याने वाचायला ही फार सोयीची, गुटेनबर्गवर मिळते.

सिनेमा बघायचा असेल तर २०१९ चा ॲनिमेशनपट आहे. घरातल्या सगळ्यांना एकदम ओळख करून द्यायला ठीक, पण यात धावपळ जास्त आणि बोलणं कमी, त्यामुळे यावर थांबू नका.

आता कागद घ्या आणि ऐकता ऐकता रस्ता काढा. सरळ रेघ आणि त्यावर टिंबं, बस. विनाशाचं शहर, निराशेची दलदल, अरुंद दार, इंटरप्रिटरचं घर, क्रूस, अडचणीची टेकडी, सुंदर महाल, नम्रतेची दरी, मरणछायेची दरी, व्हॅनिटी फेअर, संशयाचा किल्ला, रमणीय पर्वत, मोहिनी घातलेली जमीन, बेऊला, नदी, नगरी. हा कागद पुढे सगळीकडे लागणारे आणि त्याचं एक ठोस कारण आहे. बनियनच्या मूळ पुस्तकात प्रकरणंच नाहीत, सलग मजकूर आणि बाजूला समासात टिपा. प्रकरणं पुढच्या संपादकांनी आपापल्या मनाने पाडली. म्हणून एका ऑडिओतलं प्रकरण ५ आणि दुसऱ्या पुस्तकातलं प्रकरण ५ जुळेल अशी अपेक्षाच ठेवू नका, कायम ठिकाणाच्या नावाने शोधा.

३. मग नाटक ऐका

रेडिओवाल्यांना हे पुस्तक पहिल्यापासून आवडत आलंय आणि ते साहजिक आहे, पुस्तकातले मोठे मोठे भाग नाटकासारखेच छापलेत, बोलणाऱ्याचं नाव आणि पुढे त्याचं बोलणं. बीबीसीने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, याचं रेडिओ नाटक केलं, जॉन गिलगुड ख्रिश्चन आणि संगीत राल्फ वॉन विल्यम्सचं. वॉन विल्यम्स या पुस्तकामागे आयुष्यभर होता, १९५१ मध्ये त्याने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला याचा ऑपेरा केला, त्यात नायकाचं नाव ख्रिश्चन न ठेवता नुसतं पिलग्रिम ठेवलं. ऑपेरा ऐकायची सवय नसेल तर आत्ता सोडा. त्याऐवजी त्याची पाचवी सिम्फनी लावा, त्यात ऑपेरासाठी रचलेल्या काही सुरावटी आहेत, आणि मरणछायेच्या दरीनंतर एक दिवस थांबायचं असेल तर तेवढ्यापुरती ती फार सुंदर साथ देते.

अलीकडच्यात बीबीसी रेडिओ ४ साठी ब्रायन सिबलीने २००४ मध्ये तीन भागांत केलेलं रूपांतर आहे. आणि जिम पापासचं ओरायन्स गेटचं ऑडिओ नाटक आहे, पूर्ण कलाकारसंच, साउंड इफेक्ट, सगळं भरपूर. पहिल्यात आटोपशीरपणा आहे, दुसऱ्यात थरार. गाडी चालवताना किंवा घरकाम करताना ऐकायला दुसरं जास्त धरून ठेवतं, शांत बसून ऐकणार असाल तर पहिलं.

नाटकात कुठला प्रसंग सगळ्यात जास्त खुलतो असं विचाराल तर व्हॅनिटी फेअरचा खटला. ख्रिश्चन आणि वाटेत भेटलेला त्याचा सोबती फेथफुल जत्रेत येतात, तिथे सगळंच विकायला आहे, घरं, जमिनी, पदव्या, राज्यं, सुखं. विक्रेते विचारतात काय घेणार, आणि हे म्हणतात आम्ही सत्य विकत घेतो. एवढ्यावर दंगा होतो, पिंजऱ्यात टाकतात, मग कोर्ट. न्यायाधीशाचं नावच हेट-गुड, चांगल्याचा द्वेष करणारा. साक्षीदार तीन, मत्सर, अंधश्रद्धा आणि चुगलखोर. ज्युरीत बारा जण आणि प्रत्येक जण आपल्या नावाला शोभेल असंच एक एक वाक्य बोलतो. कागदावर ही नुसती यादी वाटते, पण बारा वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक ऐकलं की अंगावर काटा येतो, कारण निकाल आधीच ठरलेला आहे हे तुम्हाला दुसऱ्या आवाजालाच कळतं. बनियन स्वतः अशा कोर्टासमोर उभा राहिला होता, त्यामुळे न्यायाधीश कसा तोडून बोलतो, कशी सभ्यता दाखवत चिरडतो, हे त्याने कल्पनेने लिहिलेलं नाही. फेथफुलला इथे मारून टाकतात. मुलांसोबत ऐकत असाल तर आधी एकट्याने ऐकून घ्या.

इथला खड्डा: नाटकात अपॉलिऑनशी लढाई, राक्षस, सिंह यांना भरपूर वेळ मिळतो आणि चालता चालता होणारी बोलणी कापली जातात. सगळ्यात आधी ज्याच्यावर कात्री चालते तो टॉकेटिव्ह, म्हणजे बडबड्या. आणि माझ्या मते तो पुस्तकातल्या सर्वोत्तम पात्रांपैकी एक आहे. उंच, लांबून बघायला जवळून बघण्यापेक्षा बरा, असं बनियन त्याचं वर्णन करतो. कुठल्याही विषयावर गोड बोलतो, धर्मावर तर विशेषच, आणि फेथफुल बिचारा भारावून जातो. मग ख्रिश्चन त्याला बाजूला घेऊन सांगतो की मी याला ओळखतो, हा बाहेर संत आणि घरात सैतान. त्यानंतर फेथफुल बडबड्याला जे एकेक प्रश्न विचारतो ते ऐका, अजिबात न चिडता विचारलेले आहेत आणि बडबड्या हळूहळू बारीक होत जातो, शेवटी रागावून निघून जातो. नाटकात हे नसलं तर तुमच्या नाटकात अर्धं पुस्तक नाही.

४. आता पूर्ण पुस्तक, वाचलेलं ऐका आणि डोळ्यासमोर टेक्स्ट ठेवा

ही मुख्य पायरी. जुनी इंग्रजी डोळ्यांना जड वाटते, तीच चांगल्या वाचणाऱ्याच्या तोंडून ऐकली की सुटी होते, कारण वाक्यं बोलण्याच्या लयीत लिहिलेली आहेत. ऐकत ऐकत टेक्स्टवर नजर फिरवत राहा, प्रत्येक शब्द अडवून अर्थ बघू नका.

रेकॉर्डिंग निवडताना:

आधी एकूण वेळ बघा. पहिला भाग पूर्ण वाचायला साधारण सहा-सात तास लागतात, दोन्ही भाग मिळून बारा तासांच्या आसपास. दोन-अडीच तासांचं 'पूर्ण पुस्तक' दिसलं तर ते छाटलेलं आहे, कव्हरवर काहीही लिहिलेलं असो.

मग वाचणाऱ्याचा आवाज तपासा. लिब्रिव्हॉक्सवर काही रेकॉर्डिंग एकाच वाचकाची, काही वेगवेगळ्या वाचकांनी वाटून घेतलेली. सुरुवातीची पाच मिनिटं ऐकून ठरवू नका, सुरुवात सगळेच नीट वाचतात. मधलं एखादं लांब संभाषण काढा आणि दोन माणसं बोलतायत हे कानाला कळतंय का बघा. नाही कळलं तर सोडा, कितीही फुकट असलं तरी.

कंप्युटरने वाचलेली रेकॉर्डिंग आता ढिगाने आलीयेत. या पुस्तकासाठी ती नकोच. यात पात्रांची नावं म्हणजे साधे शब्द आहेत, होपफुल, हेल्प, गुडविल, आणि माणूस ते नाव म्हणून उच्चारतो, मशीनला कधी ते नाव आहे आणि कधी नुसता शब्द हे धड कळत नाही, मग तुम्हालाही कळत नाही.

स्पीड १ वर ठेवा किंवा थोडा कमी. याला १.५ वर पळवलं की संभाषणं चघळायला वेळच मिळत नाही.

आता आवृत्ती खरोखर पूर्ण आहे का हे ओळखायची माझी पद्धत. चार जागा तपासा:

- वर्ल्डली वाइजमन, दुनियादारीत हुशार असलेला गृहस्थ, आहे का? हा पहिल्या आवृत्तीत नव्हताच, बनियनने दुसऱ्या आवृत्तीत घातला. तो नसेल तर एकतर कात्री लागलीय किंवा तुमच्या हाती अगदी पहिल्या आवृत्तीचा टेक्स्ट आलाय.
- बडबड्याचं संभाषण पूर्ण आहे का? वर लिहिलंच.
- मरणछायेच्या दरीच्या टोकाला गुहेतले पोप (कॅथलिक धर्मप्रमुख) आणि पेगन (मूर्तिपूजक) हे दोन राक्षस आहेत का? बनियन कट्टर प्रॉटेस्टंट होता आणि त्याच्या काळातला राग इथे स्पष्ट दिसतो. बऱ्याच रीटेलिंगमध्ये हा भाग गुपचूप काढलेला असतो. मुलांना सांगताना काढला तर मला चूक वाटत नाही, पण पूर्ण म्हणून विकलेल्या पुस्तकातून काढू नये. असे बदल जुनेच आहेत, एकोणिसाव्या शतकात जॉन मेसन नीलने तर आपल्या चर्चच्या शिकवणीला जुळेल अशी मुलांसाठीची आवृत्ती काढली होती.
- शेवट. याच्यावर जरा थांबतो.

मूळ पहिल्या भागाचा शेवट ख्रिश्चन नगरीत शिरतो तिथे होत नाही. तो आणि होपफुल, फेथफुलनंतर मिळालेला त्याचा सोबती, आत जातात, घंटा वाजतात, निवेदक म्हणतो मीही त्यांच्यात असतो तर. आणि मग तो मागे वळून बघतो तर इग्नोरन्स, अज्ञान नावाचा तरुण, नदीवर आलाय. व्हेन-होप नावाचा नावाडी, खोटी आशा, त्याला होडीतून सहज पलीकडे सोडतो, ख्रिश्चनला जी नदी बुडवत होती ती याला पाय न भिजवता पार करता येते. तो वर जातो, दार ठोठावतो, दाखला मागतात तर त्याच्याकडे नाही. त्याचे हातपाय बांधून टेकडीच्या कुशीतल्या एका दारातून आत टाकतात. निवेदकाला तेव्हा दिसतं की स्वर्गाच्या दारापासूनही नरकाकडे वाट जाते, आणि तो जागा होतो. बस, संपलं. इतका कठोर शेवट बऱ्याच रूपांतरांना झेपत नाही आणि ते घंटांवर थांबतात. तुमच्या आवृत्तीत शेवटचं माणूस कोण आहे एवढं बघा, लगेच कळेल.

५. एक प्रसंग निवडा आणि तो तीन आवृत्त्यांत पाठोपाठ ऐका

हे केलं नाही तर रीटेलिंगची खरी मजा कळत नाही. त्यासाठी संशयाचा किल्ला सगळ्यात योग्य. प्रसंग असा: ख्रिश्चन आणि होपफुल खडबडीत रस्त्याला कंटाळून कुंपणापलीकडच्या मऊ कुरणातल्या वाटेने जातात, रात्री पावसात चुकतात, आणि जायंट डिस्पेअर, निराशेचा राक्षस, त्यांना पकडून अंधारकोठडीत टाकतो. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत, ना भाकरीचा तुकडा ना पाण्याचा थेंब ना उजेड. राक्षसाची बायको रात्री अंथरुणात त्याला सल्ले देते, आधी म्हणते झोडप, मग म्हणते त्यांना स्वतःचा जीव घ्यायला सांग, मग म्हणते आधी मारलेल्यांची हाडं दाखव. राक्षसाला ऊन पडलं की झटके येतात आणि हात लुळा पडतो.

ख्रिश्चन इथे खरोखर खचतो, जगण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणतो. आणि त्याला धरून ठेवतो तो होपफुल, अगदी साध्या युक्तिवादाने, कदाचित राक्षस उद्या दार लावायला विसरेल, कदाचित त्याला पुन्हा झटका येईल, थोडं थांब. शनिवारी मध्यरात्री ते प्रार्थना सुरू करतात, जवळजवळ पहाटेपर्यंत. तेव्हा ख्रिश्चनला आठवतं की आपल्या छातीशी एक किल्ली आहे, तिचं नाव प्रॉमिस, वचन. कोठडीचं दार उघडतं, बाहेरचं दार उघडतं, शेवटच्या लोखंडी फाटकाचं कुलूप मात्र प्रचंड जड जातं, आणि फाटक इतकं करकरतं की राक्षस जागा होतो.

आता तुलना करताना हे बघा. किल्ली किती लवकर सापडते? घाईतल्या आवृत्त्यांत दोन मिनिटांत, आणि मग चार दिवसांची घुसमट नाहीशी होते. राक्षसाची बायको आहे का? ती काढली की राक्षस नुसता आडदांड उरतो, त्यातली थंड योजना जाते. आत्महत्येचं बोलणं ठेवलंय का, आणि ठेवलं असेल तर होपफुलचं उत्तर पूर्ण आहे का? मुलांच्या आवृत्तीत ते वगळतात आणि तेच योग्य. पण मोठ्यांच्या आवृत्तीत हे उत्तर अर्धवट ठेवणं मला पटत नाही. आणि ज्याचं मन सध्या फार खालावलंय त्याने हा भाग एकट्याने ऐकू नये, कुणासोबत तरी ऐकावा, घाई काहीच नाही.

असंच निराशेच्या दलदलीचं आणि क्रूसाजवळ ओझं पडण्याचंही करता येतं. ओझ्याबद्दल एक सांगतो, ते पुस्तकात बरंच लवकर पडतं. क्रूसापाशी येताच ते खांद्यावरून सुटतं, घरंगळत खालच्या थडग्यात जातं, ख्रिश्चन आनंदाने तीनदा उडी मारतो आणि गात पुढे निघतो. सगळ्या अवघड गोष्टी त्याच्यानंतर आहेत. नवख्यांना वाटतं ओझं पडलं म्हणजे कथा संपत आली, तसं नाहीये.

आणि पहिल्या फेरीत प्रत्येक वस्तूचा 'म्हणजे काय' शोधत बसू नका. दलदल म्हणजे दलदल, चिखल पायाला लागू दे. अर्थ नावातच लिहिलेला आहे, तो तुम्हाला चुकवून कुठे जाणार नाही.

६. दुसरा भाग सोडू नका

बरीच ऑडिओ, बरीच रीटेलिंग पहिल्या भागावर थांबतात आणि सांगतही नाहीत. दुसऱ्यात ख्रिश्चनची बायको क्रिस्टियाना, त्यांची चार मुलं आणि मर्सी नावाची शेजारीण त्याच रस्त्याने निघतात. वाट तीच, पण चाल वेगळी. पहिल्यात एकटा माणूस धावतोय, दुसऱ्यात सगळा जथा चालतोय, ग्रेट-हार्ट नावाचा वाटाड्या सोबत आहे, मुलं दमतात, वाटेत लग्नं होतात, कुणी आजारी पडतं, म्हातारे लंगडे लोक सामील होतात आणि सगळ्यांच्या वेगाने सगळे चालतात. ज्यांना पहिला भाग फार कडक वाटला त्यांना हा नक्की ऐकवा.

यात मिस्टर फिअरिंग आहे, सतत घाबरणारा, त्याची हकीगत ग्रेट-हार्ट सांगतो. तो दलदलीच्या काठावर महिन्याहून जास्त पडून होता, पुढे जायची हिंमत नाही आणि परतही जायचं नाही. सिंहांना तो घाबरला नाही, व्हॅनिटी फेअरला तर सगळ्यांशी भांडायला निघाला होता, त्याची भीती एकच, शेवटी मला आत घेतील का. आणि तो नदीवर आला तेव्हा पाणी कधी नव्हे इतकं कमी होतं, जेमतेम पाय भिजण्याइतकं. धाडसाबद्दल लिहिलेल्या पुस्तकात भित्र्या माणसाला इतक्या मायेने वागवलेलं मी दुसरीकडे फार कमी पाहिलंय.

संशयाचा किल्लाही इथे परत येतो, या वेळी ग्रेट-हार्ट आणि मंडळी राक्षसाला मारतात आणि किल्ला पाडायला त्यांना सात दिवस लागतात. आत मिस्टर डिस्पॉन्डन्सी आणि त्याची मुलगी मच-अफ्रेड उपाशी सापडतात. पायरी ५ मधला प्रसंग ताजा असतानाच हा ऐका.

'हू वुड ट्रू व्हॅलर सी' हे प्रसिद्ध गीतही याच भागातलं. चर्चमध्ये म्हणतात ते बऱ्याचदा १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल'मधलं पर्सी डिअरमरने बदललेलं रूप असतं, चाल वॉन विल्यम्सने लोकगीतावरून घेतलेली. बनियनच्या मूळ शब्दांत भुतं आणि सिंह होते, डिअरमरने ते काढले. दोन्ही ऐका, मला मूळचं जास्त रांगडं आणि खरं वाटतं.

७. यानंतर काय

सगळं ऐकून झालं की मग यावरून निघालेल्या गोष्टी हातात घ्या, आधी नको, कारण मूळ माहीत नसेल तर त्या निम्म्याच कळतात. नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द सिलेस्टियल रेलरोड' ही १८४३ ची छोटी कथा आहे, त्यात यात्रेकरू आता चालत जात नाहीत, रेल्वेने जातात, ओझी सामानाच्या डब्यात ठेवतात, आणि दलदलीवर पूल बांधलाय. एका बैठकीत संपते, रेकॉर्डिंगही मिळतात. सी. एस. लुइसचं 'द पिलग्रिम्स रिग्रेस' १९३३ चं, ते बरंच अवघड आहे, तत्त्वज्ञानातली नावं माहीत असतील तरच. 'लिटल विमेन' वाचलं असेल तर त्यातली सुरुवातीची प्रकरणं पुन्हा काढा, चारही बहिणी लहानपणी हाच यात्रेचा खेळ खेळायच्या हे तिथे आहे.

बनियनचंच अजून काही हवं असेल तर 'द होली वॉर' कडे लगेच जाऊ नका, ते मोठं आहे आणि त्यात सोबत चालणारं एक माणूस नाही. त्याआधी १६६६ चं 'ग्रेस अबाउंडिंग' ऐका. ती त्याची स्वतःची हकीगत आहे, छोटी आहे, आणि दलदल, किल्ला, ओझं हे सगळं त्याच्याकडे कुठून आलं ते तिथे त्याच्याच तोंडून कळतं. तेही लिब्रिव्हॉक्सवर आहे. त्यात परिच्छेदांना नंबर असतात, त्यामुळे थांबलात तर नंबर त्याच नकाशाच्या कागदामागे लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी शोधावं लागत नाही.